पाहुण्यांचा तास

बोलणं हे माझं कामच, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आज थोडं माझं बोलून बघतो. जमेल का, शंकाच आहे. मध्येच खरखर झाली तर सांभाळून घ्या.

मी एक रेडिओ. ऑकलंडच्या मांगेरे भागात, एका भाड्याच्या घरात, फ्रीजच्या डोक्यावर बसलेला. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो मला आठवत नाही. माणसांनाही आपला जन्म आठवत नाही, म्हणून मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. मोकालागी आजीने मला विकत घेतलं तेव्हा ती विमानतळावर साफसफाईला जायची. दुकानदाराने विचारलं, "गाणी ऐकायला हवाय का?" आजी म्हणाली, "गाणी मला येतात. माणसं ऐकायला हवाय."

आजी प्रशांत महासागरातल्या नीऊ बेटाची. ते बेट एवढंसं, आणि तिथे उरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त लोक इकडे येऊन राहिलेले. त्यांच्यासाठी सरकारी रेडिओवर रविवारी संध्याकाळी एक तास असायचा, त्यांच्या भाषेत. आठवडाभर मी बाजारभाव, वाहतूक आणि रग्बी इंग्रजीत सांगायचो. रविवारी मात्र माझ्या पोटातून निवेदक सिफामामांचा घोगरा आवाज निघायचा, "फाकालोफा लाही आतू," म्हणजे सगळ्यांना खूप खूप प्रेम, आणि आजी माझ्याकडे बघून मान लववायची.

ती नुसती ऐकत नसे, उत्तरं द्यायची. मामा म्हणाले, अमक्या गावची तमकी गेली, की आजी म्हणायची, "अरेरे, तिचा गुडघा कधीचाच धरला होता." मामा म्हणाले, बोट उशिरा लागणार, की ती म्हणायची, "मग पीठ कुठून येणार त्यांच्याकडे?" त्या तासाला कुणी नळ सोडायचा नाही, कुणी मध्येच उठायचं नाही. पपई, अळूसारखे तारोचे कंद आणि नारळाचं दूध घालून भाजलेली ताकिही टेबलावर ठेवलेली असायची आणि एक कप जास्तीचा मांडलेला.

त्या घरात त्या तासाला कुणी 'रेडिओ' कधी म्हणालंच नाही. 'पाहुणे' म्हणायचे. "पाहुणे यायची वेळ झाली, केस विंचर." आजीच्या चर्चमधल्या बायकाही चहा प्यायला आल्या की तसंच विचारायच्या, "काल पाहुणे काय म्हणाले गं? माझा डोळा लागला." मला वाटायचं, हा माझा केवढा मान! आता वाटतं, तो मानच नडला.

लिगी ही आजीची नात. आईबाप ऑस्ट्रेलियात कामाला, ही आजीकडे वाढली आणि शाळेत इतकी शिकली की घरची भाषा तेवढी शिकायची राहिली. नवरा सेमीसी टोंगा बेटांवरचा. त्याची भाषा वेगळी, हिची वेगळी, म्हणून घरात सगळं इंग्रजी. मग पुआ झाली. पोरगी हातात आल्यावर लिगीला एकदम धडकीच भरली.

"आजी, हिच्याशी मी बोलू कशात?"

"तोंडाने बोल."

"चेष्टा नको ना. मला तुझी निम्मी भाषा येते, त्यातली निम्मी मी ओरडा खाऊन शिकलेय. हिला काय देऊ? 'चप्पल काढ' आणि 'गप्प बस'?"

"सुरुवात चांगली आहे," आजी म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी लिगी माझ्याखाली उभी राहायला लागली. पुआ कमरेवर, हात साबणाचे, आणि सिफामामा बोलले की ओठ हलवत पाठोपाठ तीही बोलायची. अडखळायची, पुन्हा म्हणायची. सेमीसी खेळाच्या गप्पा लावायला टपलेला असायचा. "झाली का शिकवणी? तिकडे मॅच संपेल."

"तुझी मॅच परत लागते," लिगी म्हणायची. "मामा परत लागत नाहीत."

एका दुपारी फोन आला. आजीने उचलला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवून बोलायची आजीची सवय, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आजी, तुमच्या घरी सरकारी रेडिओ कोण कोण ऐकतं, तेवढं विचारायचं होतं."

"रेडिओ? छे गं. म्हातारीला कसला आलाय रेडिओ!"

"एखादा कार्यक्रम? रविवारी संध्याकाळी?"

"रविवारी तर मुळीच नाही. रविवारी आमच्याकडे पाहुणे असतात. पाहुणे बसलेले असताना कुणी रेडिओ लावतं का? तुमच्याकडे लावतात?"

"नाही... तसं नाही," ती मुलगी हसत म्हणाली आणि आभार मानून तिने फोन ठेवला. लिगीही पुआला भरवता भरवता हसली. "आजी, बिचारीला काही कळलं नसेल." मी ओरडलो असतो. पण मी बंद होतो, आणि चालू असतो तरी काय, ओरडायला मला स्वतःचं तोंड कुठे आहे?

पुआची कानटोचणी ठरली ती रविवारी, पाहुण्यांच्या तासाला. मुलीचे कान टोचणं हा त्यांच्यात मोठा सोहळा. सिफामामांनी त्या तासात पुआचं नाव घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे घरोघरी कळेल की आपल्यात अशी एक मुलगी आहे. आणि कान टोचल्यावर आईने लेकीसाठी आपल्या भाषेत चार शब्द बोलायचे, असा आजीचा हट्ट. लिगीने तेव्हापासून झोपेतही ओठ हलवायला सुरुवात केली, असं सेमीसी सांगायचा.

सोहळ्याआधी सिफामामा स्वतः घरी आले. ज्याचा आवाज इतकी वर्षं माझ्या पोटात राहिला, तो माणूस दारातून गुडघे कुरकुरवत आत येताना बघून मलाच लाजल्यासारखं झालं. ते माझ्याखाली बसले आणि कप हातात धरून म्हणाले, "आपला तास बंद होतोय. या महिन्याअखेर."

"का?" लिगीने विचारलं.

"फोन करून विचारलं म्हणे सगळ्यांना. नीऊवाल्यांच्या घरात रेडिओ ऐकणारं कुणी सापडलंच नाही. त्या वेळात आता खेळाच्या गप्पा टाकणार. त्या पुष्कळ लोकांना हव्यात."

आजीचा हात टेबलावरच थांबला. "मला आला होता फोन. मी सांगितलं, आमच्याकडे..."

मामा तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "तूसुद्धा? अगं, माझ्या बायकोनेही तेच सांगितलं! मी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, खरंच कुणी येणार आहे, म्हणून मीच खुर्च्या पुसल्या."

मामा दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन समजावून आले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं म्हणे, आणि म्हणाले, "गोष्ट फार गोड आहे. पण आकडे आता वरच्या साहेबांकडे गेलेत."

कानटोचणी झाली तेव्हा महिना उलटला होता, तास संपला होता, म्हणून मी बंद होतो. घर भरलं होतं, नुसत्या तव्याच्या वाफेनेच माझी काच धुरकटली. एका मावशीने सुई चालवली, पुआने घर डोक्यावर घेतलं, सोन्याच्या रिंगा कानात गेल्या. मग सगळे लिगीकडे बघायला लागले.

तिने श्वास घेतला आणि अगदी सिफामामांच्या ठेक्यात, एकही शब्द न चुकता सुरू केलं, "जड अंतःकरणाने कळवण्यात येतं, की आपल्या कुटुंबातली, सर्वांची लाडकी पुआ..."

आणि थांबली.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं आणि मलाही. आमच्या तासात जन्माच्या बातम्या कधीमधी असायच्या, मरणाच्या दर रविवारी. जिचा सराव जास्त, तीच तोंडात बसली. पोरीला मी भाषा शिकवली, ती अशी. सेमीसीला काहीच कळलं नव्हतं, त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या.

लिगी रडायला लागली. "आजी, चुकले गं. मला आनंदाचं म्हणायचं होतं."

आजीने पुआला मांडीवर घेतलं, तिच्या लाल झालेल्या कानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चुकली नाहीस, पोरी. बरोबर तेच बोललीस. आपल्या भाषेला आता तेवढंच बोलायचं राहिलंय."

त्या दिवसापासून आजी घरात फार बोलत नाही. आजारी नाही, डॉक्टरांनी बघितलं. लिगीने मामांचे जुने कार्यक्रम फोनवर लावून दिले. आजीने थोडा वेळ ऐकलं, एकीच्या मरणाच्या बातमीला सवयीने उत्तर दिलं, पण मामा पुढचंच बोलत गेले. तिने फोन पालथा ठेवला. "ही तर कधीच गेली," म्हणाली. "तिला पुरून आलो आपण."

मी अजून फ्रीजवरच आहे. रविवारी संध्याकाळी माझ्या पोटातून आता कोण कुठल्या संघात गेला याच्या गप्पा निघतात. आजी तरीही जास्तीचा कप मांडते. पुआ बोलायला लागली आहे. परवा आजीने हळूच तिला आपल्या भाषेत पाणी मागितलं. पोरीने मान तिरकी केली, रिंगा चमकल्या, आणि तिने इंग्रजीत विचारलं, "काय?" थेट माझ्या आठवडाभरच्या सुरात. आजीने उठून स्वतःच पाणी घेतलं.

लिगीला वाटतं, मी चालू असलो की घर भरल्यासारखं वाटतं. मला तिची भीती कळते. मी बंद झालो तर घरात शांतता होईल, आणि त्या शांततेत कुणालातरी बोलावं लागेल. आजी बोलली तर लिगीला अर्धंच कळेल. लिगी बोलली तर पुन्हा तेच जड अंतःकरण तोंडात येईल. म्हणून ती मला बंद करत नाही. आवाज थोडा वाढवते मात्र.

लिगी, माझं ऐकणारं घर एकसुद्धा नाही, असं रेडिओवाल्यांनी लिहून ठेवलं आहे. तू त्यांना खरं ठरव. या रविवारी मला बंद कर. तुला येत असेल तेवढं, मोडकंतोडकं, मरणाच्या बातमीच्या सुरात का होईना, पण आजीशी बोल. कप मांडलेला आहे. माझ्या बटणापर्यंत तुला हात लांब करावा लागेल, एवढंच. मला स्वतःला बंद करता येत नाही.