हातभर उघडी भिंत

मी बगदादमधल्या एका घराच्या भिंतीवरचा उघडा चौकोन बोलतोय. दारातून आत पाऊल टाकलं की बरोबर समोर, सगळ्या पांढऱ्याशुभ्र भिंतीत एवढाच भाग गिलाव्याशिवाय, नुसत्या पिवळ्या विटांचा. एक हात उंच, एक हात रुंद. नवखा माणूस मला बघून म्हणायचा, गवंडी जेवायला गेला तो परतलाच नाही वाटतं. त्याचा मला राग यायचा. मी राहून गेलेलं काम नव्हतो. मला मुद्दाम ठेवलं होतं.

माझा जन्मच मुळी भांडणातून झाला. हेस्केल कापडवाल्यानं हे घर बांधलं तेव्हा त्याचा मुलगा मुराद पाळण्यात होता. गिलाव्याचं काम शेजारच्या मुसलमान गवंड्याकडे, जासिम उस्ताकडे होतं आणि आपल्या हाताचा त्याला फार अभिमान. त्यानं दिवसभर राबून भिंत गुळगुळीत केली. संध्याकाळी हेस्केल आला, ओल्या गिलाव्यावर त्यानं आपला हात टेकवला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, एकदा उभा, एकदा आडवा, आणि म्हणाला, एवढं खरवडून काढ. उस्ता भडकला. लोक म्हणतील जासिमचा चुना संपला.

"अबू मुराद, घर तुझं असेल, पण अब्रू माझी जातेय," तो म्हणाला. अबू मुराद म्हणजे मुरादचा बाप, हेस्केलला सगळे तशीच हाक मारायचे.

हेस्केलनं त्याला बसवून चहा पाजला आणि समजावलं. फार फार पूर्वी जेरुसलेममधलं आमच्या देवाचं घर पाडलं, आम्हाला कैद करून इकडे आणलं. तेव्हापासून आम्ही यहुदी आपलं घर पुरं करत नाही. दारासमोर हातभर भिंत उघडी ठेवतो, म्हणजे कितीही सुखात असलो तरी आत येताना आठवण होते. उस्तानं चहा संपवला आणि कुरकुरत का होईना, मला मोकळं केलं.

माझं काम एवढंच, दिसायचं. चालता यायला लागल्यावर मुरादनं खिळ्यानं माझ्या सांधीतली माती उकरली आणि आईच्या हातचा मार खाल्ला. उन्हाळ्यात त्या पाडलेल्या घराच्या उपासाचा दिवस आला की सगळे जोडे काढून माझ्यासमोर जमिनीवर बसायचे. हेस्केल सांगायचा, त्याच्या आजीचं माहेर दूरच्या हलब शहरातलं, तिचे पूर्वज स्पेनमधले, प्रत्येकाला हाकललं, आणि प्रत्येकानं नव्या गावी भिंत उघडी ठेवली. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय हे रडगाणं. या मुलुखात यांची दोन-अडीच हजार वर्षं गेली, आता यांना कोण हलवतंय. भिंतीला किती अक्कल असणार.

मग मुरादचं लग्न झालं आणि तुफाहा सून म्हणून घरात आली. तिला माझी लाज वाटायची. माहेरच्यांना काय सांगू, सासऱ्याला गिलावा परवडला नाही म्हणून? तिनं जरीचा मखमली पडदा शिवला आणि मला झाकून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे दिवे लावायच्या आधी हेस्केल तो पडदा काढायचा, नीट घडी करून तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचा. रविवारी सकाळी पडदा पुन्हा माझ्या अंगावर. या विषयावर सासरा-सून एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. वर्षानुवर्षं हे चाललं. मला घुसमटायला व्हायचं, पण खोटं कशाला बोलू, गंमतही वाटायची.

ती गंमत एका जून महिन्यात संपली. सणाचा दिवस होता. तुफाहाचा भाऊ शाऊल गोडाचा डबा घेऊन बहिणीकडे यायला निघाला होता. शहरात यहुद्यांविरुद्ध दंगल उसळली आणि त्याला बसमधून खाली ओढलं. आमच्या घरची सगळी माणसं गच्चीवरून जासिम उस्ताकडे उतरली, आणि म्हातारा उस्ता काठी घेऊन आपल्या दारात बसून राहिला. इकडे दंगलखोर घरात घुसले. गालिचे गेले, तांब्याची भांडी गेली. एकानं माझ्यावरचा पडदा ओरबाडला आणि ओरडला, इथं यांनी सोनं पुरलंय. त्यानं पहार घातली. माझी एक वीट फुटली. आत काहीच नव्हतं, तेव्हा त्यानं मलाच शिवी दिली.

शाऊल आला नाही. तुफाहा सुतकाचे सगळे दिवस माझ्याकडे तोंड करून जमिनीवर बसली होती. पडदा तिनं पुन्हा शिवला नाही.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत यहुद्यांसाठी सरकारचा हुकूम निघाला, नागरिकत्व सोडाल तर देश सोडून जाता येईल, मात्र परत येता येणार नाही. ओळखीची घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. मुरादनं जाणाऱ्यांच्या यादीत घरातल्या सगळ्यांची नावं दिली आणि मग बापाला सांगितलं. हेस्केल रागावला नाही. तो आत गेला आणि जेवला नाही. दर वर्षी वल्हांडण सणाच्या रात्री 'पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये' असं भरल्या आवाजात म्हणणारा हाच माणूस. आता खरंच जायची वेळ आली आणि त्याचा पाय निघेना. पुढे जाणाऱ्यांची मालमत्ता सरकारनं गोठवली, दुकानाला सरकारी कुलूप लागलं. घर विकायचीही सोय राहिली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मुराद घमेल्यात चुना कालवून आणि थापी घेऊन माझ्यासमोर आला. कित्येक महिन्यांत तो एवढा खुशीत दिसला नव्हता.

"बाबा, संपली भटकंती," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी हे उघडं ठेवलं तिथंच तर चाललोय. आज बुजवून टाकू."

त्यानं थापी भरली. मला काही म्हणता येईना, हलता येईना. तेवढ्यात तुफाहानं त्याचं मनगट धरलं. तीच, जिला माझी लाज वाटायची.

"शाऊलला इथं जमिनीत ठेवून चाललोय," ती म्हणाली. "कुठं संपली?"

मुरादनं थापी घमेल्यात ठेवली. हेस्केल पलंगावरून उठून हळूहळू आला आणि म्हणाला, "मुराद, तिथं घर बांधशील तेव्हा दोन चौकोन ठेव."

"दोन कशाला?"

"एक त्या घराचा. एक या घराचा."

"काय बोलता बाबा. जेरुसलेमच्या दारात बसून बगदादसाठी रडायचं? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. तू ठेवशील एवढं सांग."

मुरादनं घमेलं उचललं. आधी डोक्यावर छप्पर तर मिळू दे, असं काहीतरी पुटपुटत तो अंगणात गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. हेस्केलनं पुन्हा विचारलं नाही. मी मात्र रात्रभर मनातल्या मनात म्हणत होतो, अरे, हो म्हण. तेवढ्या एका शब्दावर माझं सगळं होतं.

सकाळी दाराच्या चौकटीवरची, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेली नळी उचकटून काढली. जे नेता येत होतं ते बॅगेत गेलं. सगळे बाहेर पडल्यावर हेस्केल एकटाच परत आत आला. त्यानं माझ्यावर हात टेकवला, कोपर एका कडेला लावून. हात तोच, पण वयानं आखडलेला. बोटं दुसऱ्या कडेपर्यंत पोचली नाहीत.

"तुला कसं न्यायचं रे," तो म्हणाला.

बाहेरून हाका आल्या. तो गेला.

काही दिवसांनी नवं बिऱ्हाड आलं. माणसं वाईट नाहीत. बाई अंगण लख्ख ठेवते, मुलं अभ्यासाला बसली की मोठ्यानं पाठ करतात. त्यांनी कुठूनसा गवंडी बोलावला. त्याला खिडकीवरच्या भेगेनं जास्त दमवलं; मला त्यानं थापीच्या चार फटकाऱ्यांत बुजवलं. फुटक्या विटेच्या जागी खिळा ठोकून त्यांनी घड्याळ लावलंय. उन्हाळा वाढला की मला वाटतं, उपासाचा दिवस आला असेल. पण नक्की कुठला ते कळत नाही. घरात कुणी जमिनीवर बसत नाही.

तेव्हा तुम्हालाच विनवतो. तुमचे पाय मोकळे आहेत. हेस्केल आता नसेल, पण मुरादचं घर कुठंतरी उभं असेल. कधी तिकडे गेलात तर दारात क्षणभर थांबा आणि समोरची भिंत बघा. एक चौकोन उघडा असेल तर तो पहिल्या घराचा, त्याला नमस्कार करा. दोन असतील तर दुसऱ्यावर हात ठेवा, तो मी आहे. आणि भिंत सगळी गुळगुळीत असेल, तर मला येऊन सांगू नका.