लेखनवर्गाबाहेरची पेटी

मित्रांनो, आता मी जुनी झाले. माझा रंग उडाला आहे, एक बिजागरी गेली आहे आणि झाकण धड बसत नाही. तुम्ही मला पाहिलंत तर एखादं मोडकं खोकं समजाल. पण मी लेखनवर्गाची पेटी आहे. सोलापूरच्या एका महाविद्यालयात, पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर, खिडकीखालच्या स्टुलावर माझं सगळं आयुष्य गेलं. मुलांनी लिहिलेले कागद पोटात घ्यायचे आणि सरांच्या हाती द्यायचे, एवढंच माझं काम होतं.

माझा जन्म मोडक्या बाकांतून झाला. अक्कलकोटकडचे सिद्धाराम सुतार महाविद्यालयात दुरुस्तीला येत. त्यांनी सागवानी फळ्यांवर रंधा मारला, झाकणात कागद जाईल एवढी फट ठेवली आणि फटीवर सरकती पट्टी बसवली. मागच्या बाजूला मात्र लाकूड कमी पडलं. तिथे त्यांनी फळांच्या खोक्याची पातळ फळी ठोकली, हात झटकले आणि अर्धं कानडी, अर्धं मराठी म्हणाले, "आयतु, झाली पेटी!" सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. लवकरच ती फळी आक्रसली आणि ढिली झाली. सरांच्या ते लक्षात आलं नाही. मुलांच्या लगेच आलं.

लेखनवर्ग उदयसिंह सरांचा होता. दर वर्षी पहिल्या तासाला ते मला वर्गात नेऊन टेबलावर ठेवत आणि झाकणावर रंगवलेले नियम मोठ्याने वाचून दाखवत. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा, कच्चा खर्डा सोबत जोडायचा. फोनमधून उतरवलेलं चालणार नाही. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, तेही आपल्या शब्दांत. शुक्रवारी शेवटची घंटा झाली की पट्टी बंद. त्यानंतर कागद घेतला जाणार नाही, कारण ऐकलं जाणार नाही. तीनदा चुकलात तर अंतर्गत गुणांच्या यादीतून नाव कमी होईल. म्हणजे परीक्षा नाही, म्हणजे वर्ष वाया.

सर मुळात कठोर नव्हते, मित्रांनो. दमले होते. दोन पाळ्यांत तास घ्यायचे, वर पेपर तपासायचे, वर मुलांची कारणं ऐकायची. कागद काढताना ते पुटपुटत, "पुन्हा तेच. सगळ्यांचं गाव निसर्गाच्या कुशीत! अरे, तुमच्या गावात बोअरला पाणी नाही, कुशी कुठली?" मग लाल पेनाने रेघ ओढत आणि डोळे चोळत. शुक्रवारी मी तुडुंब भरत असे, पण ते ओझं कुणालाच हवंसं वाटत नसे. मुलांना गुण हवे होते आणि सरांना विश्रांती.

एका वर्षी मायाक्का नावाची मुलगी वर्गात आली. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली. सोलापुरात वसतिगृहात राहायची, पण घरून निरोप आला की मेंढरांसाठी जावं लागे. त्यात तिचे दोन शुक्रवार चुकले होते. घरच्यांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर पुढे शीक, नाहीतर परत ये.

आणि तिचा तिसरा शुक्रवारही चुकला.

सोमवारी सकाळी ती धापा टाकत आली. सरळ यष्टीतून उतरून आली असावी, कारण खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती. माझी पट्टी बंद होती. तिने ती बोटाने ओढून पाहिली, मग नुसतीच उभी राहिली.

तिच्या वर्गातला ऋतुराज जिन्यावरून येत होता. शहरातल्याच जुळे सोलापूर भागात राहणारा, मनाने चांगला मुलगा. त्याने तिच्या हातातला कागद पाहिला आणि हळूच म्हणाला, "अगं, उभी काय राहिलीस? मागची फळी ढिली आहे. शुक्रवारची तारीख टाक आणि ढकल आत. सर अजून पेटी उघडायला आले नाहीत. सगळेच करतात की."

"सगळेच?"

"मीसुद्धा केलंय. कळत नाही त्यांना."

तो वर्गात गेला. मायाक्का माझ्या मागे आली. तिने हात त्या फळीवर टेकला. खरं सांगते, मित्रांनो, मला वाटत होतं तिने ढकलावा. इतके जण ढकलून गेले, मग हिनेच का वर्ष गमवावं? फळी थोडी आत सरली. कागदाची कड मला लागली. आणि मग तिने हात मागे घेतला.

तेवढ्यात किल्ली घेऊन सर आले.

"काय गं? इथे काय करतेस?"

"सर, कागद आणलाय. उशीर झालाय."

"मग नियम माहीत आहे." सरांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "कारण सांगू नकोस."

"कारन न्हाय सांगत, सर. आनि गुन बी नगा देऊ."

सर थांबले. "गुण नकोत, तर मग कागद कशाला आणलास?"

"तुमी वाचावा म्हनून. लई मन लावून लिवलंय. कुटं चुकलं, ते तरी कळंल की."

सर तिच्याकडे पाहतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी असं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी किल्ली खिशात टाकली, माझ्याशेजारच्या बाकावर बसले आणि हात पुढे केला.

ते वाचत असताना मायाक्का उभीच होती. सरांनी दोन-तीन ठिकाणी खुणा केल्या. एकदा हसले. एकदा मान हलवून म्हणाले, "इथे वाक्य फार लांबलंय, मध्ये तोड." मग शेवटच्या पानावर थांबले.

"आई मेलेल्या कोकराला दुसरी मेंढी जवळ घेत नव्हती, इथपर्यंत सगळं डोळ्यांपुढे उभं केलंस. आणि शेवट असा दोन ओळींत का उरकलास?"

"यष्टीत लिवला, सर. गाडी लई हलत व्हती."

"शुक्रवारी काय करत होतीस?"

"तुमी कारन इचारताय, सर?"

"विचारतोय."

"शुक्रवारी मेंढी त्याला लाथाच मारत व्हती. आमी तिला धरून पाजत व्हतो. शनवारी, रविवारी बी तसंच. आज पहाटं तिनं त्याला आपनहून चाटलं. तवाच मी निघाले." तिने कागदाकडे बोट केलं. "शुक्रवारी कागद टाकायचा, तर मेंढीनं घेतलं म्हनून खोटंच लिवावं लागलं असतं. तुमीच सांगितलं व्हतं, डोळ्यानं बघितलेलंच लिवा."

 सरांनी कागदावरची नजर काढून माझ्या झाकणावरच्या नियमांकडे पाहिलं. मग उठून वर्गात गेले. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मायाक्काचा कागद उशिरा आला," ते म्हणाले. "त्याचे गुण तिला मिळणार नाहीत, तो नियम आहे. पण तिचं नाव यादीतून कमी होणार नाही. नाव कापण्याचा नियम मी एका वर्षी रागात केला होता. आजपासून तो नाही. आणि कुणाला वेळ लागणार असेल, तर शुक्रवारच्या आधी येऊन मला सांगा. मी ऐकेन."

 मग ऋतुराजचा आवाज आला. "सर, माझाही कागद तसा वाचाल का? गुणांशिवाय?"

"आधी तू स्वतः लिहिलेला आण," सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. ऋतुराजही हसला, पण त्याचा आवाज जरा उशिराच आला.

मायाक्का त्या वर्षी काठावर पास झाली. घरच्यांनी पुढचं वर्ष दिलं, मग त्याच्या पुढचंही. आता ती मंगळवेढ्याकडच्या एका शाळेत शिकवते, असं शिपाई शिवयोगी एकदा स्टूल हलवताना कुणाला तरी सांगत होता.

त्यानंतरची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. दुपारी त्या बाकावर सर बसत आणि दोन-तीन मुलं कागद घेऊन भोवती उभी राहत. सर दमायचे तेवढेच दमायचे, पण पुटपुटायचे कमी. मुलं "पेटीतच टाकायचा की दाखवून टाकायचा?" असं विचारायची. उशीर करणारे उशीर करतच होते, फोनमधून उतरवणारे उतरवतच होते. सगळं जग सुधारलं, असं मी म्हणणार नाही.

मग सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना हार घातले, शाल दिली. मला कुणी काही दिलं नाही, आणि द्यायचं तरी काय? नव्या मॅडम आल्या. त्यांच्याकडे सरांच्या दुप्पट मुलं आहेत. आता सगळं लेखन फोनवरूनच जमा होतं. वेळ संपली की तिथलं दार आपोआप बंद होतं आणि त्याची मागची फळी ढिली नसते. मला तिथून उचललं त्या दिवशी मॅडमचे डोळेही लाल दिसत होते. त्यांना मी दोष देत नाही.

मला जिन्याखालच्या खोलीत हलवलं आहे. शेजारी पाती नसलेले पंखे आहेत आणि वर धूळ. पुढच्या महिन्यात हे सगळं भंगारात जाणार आहे. मला त्याचं फारसं दुःख नाही. बाकांतून आले, उद्या कुणाच्या तरी चुलीत जाईन.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. तुमचे नियम पाळा, वेळ पाळा, समास सोडा. पण मन लावून काही लिहिलंत, तर ते नुसतं जमा करून निघून जाऊ नका. कुणाला तरी गाठा आणि म्हणा, एवढं वाचता का? तो माणूस दमलेला असला तरी विचारा. कदाचित तोही कुणीतरी असं विचारायची वाट पाहत असेल. मी जन्मभर कागद पोटात घेतले, मित्रांनो. पण मला वाचता येत नव्हतं.