दहावं बाळ

मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ही बाळं जोखणारा. मित्रांनो, मी या प्रसूतिगृहात आलो तेव्हा गाव गजबजलेलं होतं. सूतगिरणी तीन पाळ्यांत चाले, शाळेत बाकं पुरत नसत. इथल्या नर्स ताई माझा थंड पत्रा आधी तळहातानं उबदार करत, मगच बाळ ठेवत.

पुढे तीच बाळं मोठी होऊन परदेशी निघाली. निघताना बॅग जोखायला माझ्याकडेच येत. माझ्यावर एका वेळी सोळा किलोच मावे, म्हणून ताई सामान दोन खेपांत जोखत.

"आलास तेव्हा अडीच किलोचा होतास, आता नुसते बूटच तेवढे भरतात!" म्हणून हसवत. त्यांची स्वतःची लेक निघाली तेव्हा मात्र ताईंना आकडा वाचता आला नाही.

गिरणीला माणसं मिळेनात. ती बंद पडली, मग शाळेचे वर्ग ओस पडले. अखेर वरून पत्र आलं: मार्चअखेरपर्यंतच्या वर्षात दहा बाळंतपणं झाली नाहीत, तर प्रसूतिगृह बंद.

ऑक्टोबरपर्यंत नऊ झाली होती. लेकीला सातवा लागला होता. ताईंनी फोन केला.

"बाळंतपणाला इकडेच ये की गं."

"आई, इथे माणसं हवीत त्यांना. वर्षभर सुट्टी देतात, घर देतात. तिथे काय आहे?"

"मी आहे."

मग लेक म्हणाली, "तूच ये ना."

"आणि मी नसताना एखादी अडलेली बाई आली तर?"

ताई गेल्या नाहीत. रोज सकाळी मला पुसून वाट बघत राहिल्या. कोणीच आलं नाही. नातू तिकडे जन्मला, त्या देशाच्या खात्यात.

कुलूप लावायला आलेले साहेब हळहळले, "माणसं हीच देशाची ताकद हो, बाई."

"मी जोखून दिली होती, साहेब. ठेवून घेणं तुमच्याकडे होतं."

उन्हाळ्यात ताईंनी डोळे मिटले. नातवाला कडेवर घेऊन लेक आली, तोवर सगळं आटोपलं होतं.

मित्रांनो, जाणाऱ्याला दोष देऊ नका; पोट आणि स्वप्नं कुणाला सुटली आहेत? पण तुम्ही मोठे व्हाल, चार गोष्टी तुमच्या हाती येतील, तेव्हा गावात राहावंसं वाटेल असं काहीतरी उभं करा. आणि मागे कुणी वाट बघत असेल, तर ती माणसं असेपर्यंत जा.