रानबोरीची फांदी

पाइनटाऊनच्या वळणावर ट्रकने उडवलेल्या ल्वांडलेचा आत्मा घरी न्यायला त्याची आई, म्हणजे माझी बहीण थोको, रानबोरीची फांदी घेऊन तिथून निघाली होती. आत्मा फांदीत बसून येतो, म्हणून घर येईपर्यंत फांदी धरणारीने फक्त गेलेल्याशीच बोलायचं असतं. आणि पुन्हा यायचं भाडं वाचवायला मी तिला वाटेतच भरपाईच्या वकिलाकडे नेलं.

"मावशी, ल्वांडलेच्या मोटारसायकलचा दिवा बंद होता असं लिहून द्या, ट्रकवाले थोडे पैसे देऊन आजच मिटवतील," खुझवायो वकील म्हणाला. "नाहीतर कोर्टात वर्षं जातील."

त्याने कागद थोकोपुढे सरकवला.

"ती तुझ्याशी नाही बोलायची," मी म्हणाले. "तिच्या मांडीवर बघ की जरा."

फांदी दिसताच त्याने पेन खाली ठेवलं.

थोकोने फांदीला विचारलं, "बाळा, दिवा लावला होतास ना?"

आम्ही तिघंही उत्तराची वाट पाहत राहिलो, वकीलसुद्धा.

"तुझ्यावर खोटं नाही लिहून देणार मी," ती अखेर फांदीला म्हणाली.

वकील उठला आणि फांदीपुढे वाकला. "भाऊ, कोर्टात जाऊ आपण."

परतताना शेअर टॅक्सीत आम्ही ल्वांडलेचंही भाडं भरलं. थोकोशेजारची ती रिकामी सीट घरापर्यंत दबलेलीच होती.