चरबीचा डाग

दर्यापूरच्या सोनोग्राफीत मंजुषाच्या लिव्हरवर डाग दिसला, म्हणून अमरावतीला एमआरआय झाला. रिपोर्ट आणायला तिचा नवरा चंद्रभान एकटाच गेला. परत येऊन ओसरीवर बसला आणि एवढंच म्हणाला, "गाठ हाय."

त्यांचा झेंडूचा मळा होता आणि एकुलती एक लेक, प्रतीक्षा. ती अमरावतीला बीएस्सी करत होती. अकोल्याचं एक स्थळ तिनं नाकारलं होतं, तेव्हा मंजुषा लेकीच्याच बाजूनं भांडली होती. आता मात्र तिनंच लेकीचे हात धरले. "माह्या डोळ्यादेखत होऊ दे, बाई." प्रतीक्षा खूप रडली, मग हो म्हणाली. महिन्याभरात त्याच अकोल्याच्या घरात लग्न लागलं, कॉलेज सुटलं.

पावसाळा सरला तरी मंजुषाला काही होईना. उपचाराचं काढलं की चंद्रभान उठून मळ्यात जायचा. शेवटी ती एकटीच बसनं अमरावतीला, एमआरआयचा रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"किती दिवस उरले मले? खरं सांगा."

बाईंनी चकित होऊन जुने फोटो कॉम्प्युटरवर लावले. "हा डाग बघा. आम्ही दोन तऱ्हेनं फोटो काढतो. चरबी असली की दुसऱ्या फोटोत ती अशी काळी पडते. आणि या रक्तवाहिन्या डागातून सरळ गेल्यात, गाठीनं त्या ढकलल्या असत्या. नुसती चरबी साचलीय, कॅन्सर नाही. हे मी तुमच्या यजमानांना तेव्हाच सांगितलं होतं."

मंजुषाला आनंद झालाच नाही. ती घरी आली तेव्हा चंद्रभान फुलं तोडत होता.

"तुमाले माहीत होतं?"

तो थांबला. "होतं. पण तू या लग्नाले हो मनलीच नसती. पोरीचं चांगलंच झालं ना?"

"माह्या मरणाचं भेव दाखवून?"

तो पुन्हा फुलं तोडू लागला.

सकाळीच ती अकोल्याला गेली. प्रतीक्षा भांडी विसळत होती. मंजुषानं सगळं सांगितलं. लेकीनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग हात पुसत तिनं विचारलं, "आई, तुले खरंच माहीत नोतं?"

"तुही शपथ, नोतं."

प्रतीक्षानं मान हलवली, पण जवळ आली नाही. मंजुषा तशीच उठून बैठकीत व्याह्यांपुढे गेली आणि म्हणाली, "पोरगी पुन्हा कॉलेजात जाईन. मी इचारून नाई राहिली, सांगून राहिली."