भावोजींचा रिवाइंड

"हा बाण उलटा छापलाय," पोस्टर डोळ्यांपासून लांब धरत भावोजी म्हणाले.

"उलटा नाही हो भावोजी, मुद्दाम तसा आहे," क्लबची मालकीण म्हणाली. "मागे जाणारा बाण म्हणजे रिवाइंड. शनिवारचा अख्खा कार्यक्रम त्यावरच ठेवलाय. सगळी तिकिटं संपली, माहितेय?"

मालकीण काही भावोजींच्या नात्यातली नव्हती. पण मेकॅनिक, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, इतकी वर्षं माइकवरून त्यांना भावोजीच म्हणत आला होता. त्यामुळे ही जोडी जिथे जिथे वाजवून आली तिथली सगळी तरुण पिढी त्यांची मेव्हणे-मेव्हण्या होऊन बसली होती.

जोडीचं नाव 'तळघर'. सामग्री रेकॉर्ड फिरवणारी दोन टर्नटेबलं, त्यांचे आवाज जोडणारा एक मिक्सर आणि रेकॉर्ड्सची चार खोकी. संगीताचा प्रकार ड्रम अँड बेस. म्हणजे मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके आणि त्यांच्याखाली असा खर्ज, जो कानांच्या आधी पोटाला ऐकू येतो. दिवसा धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि थोरला पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढायचा. नातेवाइकांनी या कलेबद्दल समंजस मौन पाळलं होतं. मेकॅनिकच्या आईने मात्र एकदा एक ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला आणि आपुलकीने विचारलं, "मग, सापडला का बिघाड?"

चोवीस वर्षांत जोडी प्रसिद्ध झाली नाही, पण बंदही पडली नाही. त्यांच्या आधी वाजवणारे मोठे झाले, त्यांच्या नंतर वाजवणारेही मोठे झाले. मधल्या वेळात लोक बारकडे जाऊन येत. त्या मधल्या वेळाचं नाव 'तळघर'.

वाजवण्याची पद्धत ठरलेली होती. एक ट्रॅक भावोजींचा, एक मेकॅनिकचा. एकाचा चालू असताना दुसऱ्याने हेडफोन लावून आपला पुढचा ट्रॅक त्याच्या ठोक्यांशी जुळवत ठेवायचा. कोण काय लावणार हे सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. "एवढा विश्वास माझ्यावर टाकला असता तर घरात किल्ल्यांचे दोन जुडगे लागले नसते," असं ताईने, म्हणजे भावोजींच्या बायकोने, म्हणून ठेवलं होतं.

रिवाइंड मात्र 'तळघर'मध्ये वर्ज्य होता. एखादा ट्रॅक सुरू होतो, लोकांना तो इतका आवडतो की ते आरडाओरडा करतात, मग वाजवणारा रेकॉर्ड हाताने मागे फिरवतो आणि पहिल्यापासून लावतो. बाकी सगळे करतात. भावोजी करत नसत. "भाजी आवडली म्हणून कुणी पहिल्या घासापासून परत जेवायला बसतं का?" असा त्यांचा सवाल असे.

दोन महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात ट्रॅक सुरू करून मिनिटभर झाल्यावर भावोजींनी फिरत्या रेकॉर्डकडे पाहिलं. ही अजून लावायची राहिलीच आहे अशा चेहऱ्याने त्यांनी ती मागे घेतली आणि सुरू केली. लोक किंचाळले. मिनिटभराने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केल्यावर लोक टेबलांवर चढले. आयुष्यात रिवाइंड न केलेल्या माणसाने एकाच ट्रॅकला तीनदा केला! कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. त्यात भावोजींचा चेहरा शांत आणि जगाची पर्वा नसलेला दिसतो. खाली एकाने लिहिलं होतं, 'आत्मविश्वास असावा तर असा.'

मेकॅनिकने तो चेहरा आधी पाहिला होता. आदल्याच आठवड्यात भावोजी तोच चेहरा घेऊन स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभे होते. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मालकीण पोस्टर भावोजींच्या घरी ठेवून गेली तशी ताईने भावाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हो म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"तुझं तेच हो असतं. शाळेपासून बघतेय." तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, आवडतं ते करू द्या त्यांना. मी म्हटलं, सहाशे लोकांसमोर करू देऊ? तर म्हणतात, सहाशे? मला वाटलं घरात पेटी-बिटी वाजवतात."

"तपासणीत काय झालं?"

"आज वार कोणता, विचारलं. हे म्हणाले, कार्यक्रमाला किती दिवस राहिलेत सांगा, वार मी काढून देतो. डॉक्टर हसले. मीही हसले. मग कागद दिला आणि घड्याळाचं चित्र काढा म्हणाले." ताईने फडकं पुन्हा उचललं. "आयुष्यभर नकाशे काढले रे या माणसाने."

बाहेरच्या खोलीतून खर्जाचा आवाज येऊ लागला. फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या.

"तू सांग त्यांना," ताई म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. म्हणतात, तुला यातलं काय कळतं. तुझं ऐकतील."

"काय सांगू? चोवीस वर्षांत पहिल्यांदा हॉल भरतोय, तेव्हा तुम्ही तेवढे येऊ नका?"

"चुकतंय, एवढं सांग."

"लोक टाळ्या वाजवतायत, ताई. चुकल्यावर टाळ्या पडतात हे कुणाला पटवायचं?"

तरी त्याने तीनदा प्रयत्न केला. एकदा फोनवर, एकदा गाडीत, एकदा जिन्यात. तिन्ही वेळा भावोजी थांबून म्हणाले, "हं, बोल ना," आणि तिन्ही वेळा त्याच्या तोंडून निघालं, "शनिवारी जरा लवकर निघू या." परिणामी शनिवारी भावोजी सकाळी सातलाच बूट घालून सोफ्यावर बसले होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर काय करायचं हे मेकॅनिकला झोपेतही सांगता आलं असतं. इथे कुठे हात घालायचा तेच कळत नव्हतं. अखेर त्याला एकच गोष्ट सुचली. एकाने केली तर चूक, दोघांनी केली तर ती पद्धत ठरते. भावोजींनी रेकॉर्ड मागे घेतली की आपल्या पाळीला आपणही घ्यायची. मग व्हिडिओ कितीही निघोत, त्या एका चेहऱ्याकडे कुणी निरखून पाहणार नाही.

दुपारी चारला आवाजाची चाचणी होती. हॉल रिकामा होता. खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातलेल्या होत्या आणि फरशी पुसणारी बाई बादली सरकवत होती. मालकीण मागे हाताची घडी घालून उभी होती.

भावोजींनी पहिला ट्रॅक लावला. त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं. मिनिटभराने त्यांनी रेकॉर्डकडे पाहिलं, मागे घेतली, सुरू केली. मग पुन्हा. मालकिणीने मागून टाळ्या वाजवल्या. "रात्रीसाठी ठेवा की थोडं, भावोजी!"

मेकॅनिकची पाळी आली. त्याने आपला ट्रॅक आत घेतला. भावोजींनी आपली रेकॉर्ड उतरवून खोक्यात ठेवली आणि हेडफोन कानाला लावले. मेकॅनिकने मनात साठपर्यंत मोजलं, रेकॉर्डवर हात ठेवला आणि ती मागे फिरवली. हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. सुई खरवडली. ट्रॅक पहिल्यापासून सुरू झाला.

भावोजींनी हेडफोन काढले. ते अगदी जवळ आले.

"अरे, हे आत्ताच वाजवलंस."

मेकॅनिकने मिक्सरवरून आवाज कमी केला.

"आत्ता, मिनिटभरापूर्वी." आवाजात चिडचिड अजिबात नव्हती. "आठवत नाहीये का तुला?"

जे तीनदा सांगायचं राहून गेलं होतं ते भावोजींनीच त्याच्या हातात आणून ठेवलं होतं. 'मला आठवतंय, तुम्हाला नाही,' एवढंच म्हणायचं होतं. त्याने वर पाहिलं. समोरच्या चेहऱ्यावर अशी खरी काळजी होती, जी फक्त घरच्या माणसाच्या चेहऱ्यावर असते.

"नाही," मेकॅनिक म्हणाला.

भावोजी मालकिणीकडे पाठ करून उभे राहिले, तिला काही दिसू नये अशा बेताने.

"घाबरू नकोस. होतं असं. ताईजवळ बोलायचं नाही, ती उगाच हाय खाईल. आणि लोकांना यातलं काही कळत नाही. तू फक्त माझ्याकडे बघत राहा. मी सांभाळून घेतो."

"बरं, भावोजी."

"तुझ्या रेकॉर्ड्स आज मी काढून देत जाईन. म्हणजे घोटाळा नको."

ते खोक्यावर वाकले. एकेका रेकॉर्डच्या कडेवरून बोट फिरवत, मध्येच थांबत, त्यांनी सावकाश एक निवडली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. मेकॅनिकने वरचं नाव वाचलं. भावोजींनीच ती आत्ता तीनदा वाजवली होती.

त्याने ती फडक्याने पुसली आणि लावली.