पुसलेली सावली

ज्ञानदाने कापसाचा बोळा उचलून दिव्यापाशी धरला. बोळ्यावर हिरवट तपकिरी डाग होता. काजळी अशी नसते.

"शिरीषदादा, हे काय पुसलंत?"

"काजळी गं. मेणबत्त्यांची. चित्रातल्या हातावरच तेवढी साचली होती."

हायडेलबर्गच्या त्या छोट्या संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करणारी ही दोनच मराठी माणसं. तो मुरलेला, ती पीएचडीला आलेली, दर रविवारी त्याच्या घरी वरणभात जेवणारी. पण आत्ता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समोर लाकडी फळीवर येशूची आई होती. क्रीट बेटावरच्या एका ग्रीक घराण्याने चारशे वर्षांपूर्वी रंगवलेली. आजोबा फळीवर पांढरा लेप चढवायचा, बाप त्यावर अंगाची हिरवट तपकिरी सावली घालायचा आणि मुलगा सावलीवर उजेड उमटवायचा. भाविक येत, मातेच्या हाताला ओठ लावत. ओठ लागून लागून मुलाचा उजेड झिजला, खालची बापाची सावली वर आली. शिरीषने तीच मळ म्हणून पुसली. हाताच्या जागी आता कोरा लेप.

"लोकांच्या भक्तीने मुलगा झिजला. तुम्ही बापच पुसलात."

"आल्झो," त्याच्या तोंडी बसलेलं जर्मन 'तर मग' आलं, "झालं ते झालं. तुझा हात हलका आहे. बेमालूम रंग भरून टाक. प्रदर्शन तोंडावर आलंय, आपल्या प्रमुख लेन्त्सबाईंना कळायचंही नाही."

"मी भरू?"

"मग कोण? घरचीच ना तू?"

तिचे वडील दत्तात्रयबुवा वाईला कीर्तन करत. एकदा ऐन उत्तररंगात त्यांना अभंगाचा चरण आठवेना. पदरचे शब्द जुळवले असते तरी खपलं असतं. मंडळी डोलतच होती. बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "चरण विसरलो. संतांच्या बोलात माझी भर नको," म्हणाले, आणि त्या जागी नुसता नामगजर केला. तिला ते सगळं कीर्तन पाठ नव्हतं, ती जागा मात्र पाठ होती.

"घरची म्हणून झाकपाक करू? वहिनींच्या वरणाची किंमत वसूल करताय?" तिचा आवाज चिरकला. "आधी बाईंना सांगा. नाहीतर मी सांगते. आणि भरायचंच तर बारीक उभ्या रेघांनी. लांबून हात दिसेल; जवळ गेलं की कळेल, ही रेघ आपली, त्यांची नव्हे."

"माझी नोकरी जाईल, ज्ञानदा."

"त्या बापलेकांचं काय गेलं ते बघा की."

तो बाईंकडे गेला. बऱ्याच वेळाने परतला तो मान खाली घालून.

"रेघाच मारायच्या म्हणाल्या. मीच मारायच्या. नोकरीचं नंतर बघू म्हणाल्या."

त्याने कुंचला उचलला. पहिलीच रेघ वाकडी गेली. ओल्या बोळ्याने त्याने ती टिपली, पुन्हा मारली.

"दिवा जरा इकडे घेतेस?"

तिने दिवा सरकवला. राग तसाच होता, दिवा मात्र हलू दिला नाही.

"रविवारी येशील ना गं?"

"आधी हात पुरा करा."